यादीत नसलेली फाइल: एका भागीदारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

दोघांनी मिळून सात वर्षं अनुवादाचा व्यवसाय चालवला होता. यंत्रांच्या वापरपुस्तिका, वैद्यकीय उपकरणांची माहितीपत्रकं, सुरक्षा सूचना. काम रुक्ष, पण एक शब्द चुकला तरी महागात पडणारं. वयानं ती मोठी. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला नावानं हाक मारायची आणि अरे-तुरे करायची. नाव इथे देता येत नाही, म्हणून या टिपणात ती ताई आणि तो धाकटा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांनी मजकूर वाचून होकार दिला आहे (ताईनं जाता जाता माझ्या दोन शुद्धलेखनाच्या चुकाही काढल्या).

कामाची वाटणी सरळ होती. धाकटा ग्राहक आणायचा, त्यांच्याशी बोलायचा, बिलं करायचा. ताई अनुवाद करायची, तपासायची आणि बाहेरून काम करणाऱ्या चार अनुवादकांवर लक्ष ठेवायची. नफा निम्मा-निम्मा. कागदावर फक्त एक पान होतं, तेही सुरुवातीच्या उत्साहात लिहिलेलं.

या वाटणीतून दोन गोष्टी हळूहळू दोघांच्या मुठीत गेल्या. कोणत्या ग्राहकाकडे कोणाशी बोलायचं, कोण कशानं चिडतं, कोणाला किती दिवस आधी आठवण करावी लागते, हे सगळं धाकट्याच्या फोनमध्ये आणि डोक्यात. ताईच्या संगणकावर ट्रान्सलेशन मेमरी. हे काम जवळून न पाहिलेल्यांसाठी सांगतो: अनुवादाचं सॉफ्टवेअर प्रत्येक मूळ वाक्य आणि त्याचा मंजूर अनुवाद जोडीनं साठवतं आणि तेच किंवा तसंच वाक्य पुन्हा आलं की समोर ठेवतं. वापरपुस्तिकांमध्ये तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे सात वर्षांची मेमरी म्हणजे सात वर्षांची मेहनत. ती ज्याच्याकडे, त्याचं काम वेगानं आणि एकसारखं होतं.

ताईचा आधीचा अनुभव वाईट होता. या भागीदारीपूर्वीचा तिचा भागीदार एके दिवशी ग्राहक घेऊन निघून गेला होता. तिला ते ग्राहकाच्याच तोंडून कळलं. ही गोष्ट ती फार कमी वेळा बोलायची, पण तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांना माहीत होती. धाकट्याला असा अनुभव नव्हता. त्याची भीती वेगळी होती आणि पुढे मी दोघांमध्ये मध्यस्थी करत असताना ती त्यानं मला तिसऱ्या भेटीत सांगितली: “मला अनुवाद येत नाही. माझ्याशिवाय तिचं चालेल. तिच्याशिवाय माझं नाही.”

अडचण

एका जुन्या ग्राहकानं आपल्या सगळ्या पुस्तिकांचं तीन वर्षांचं काम देऊ केलं. अट एकच. काम एका सामाईक ऑनलाइन जागेत व्हायचं, मेमरी तिथेच राहायची आणि ग्राहकाचे अभियंते शंका विचारायला थेट अनुवादकाशी बोलायचे. ग्राहकाच्या दृष्टीनं ही अगदी साधी मागणी होती. या दोघांच्या दृष्टीनं मात्र ताईनं मूठ उघडायची होती आणि धाकट्यानंही, एकाच वेळी.

कोणीच नाही म्हटलं नाही. ताई म्हणाली, मेमरीत जुना कचरा आहे, साफ करायला पंधरा दिवस लागतील. धाकटा म्हणाला, अभियंत्यांना सध्या वेळ नाही, ओळख करून देतो सावकाश. दोन्ही कारणं अर्धी खरी होती, आणि अर्धं खरं कारण बराच काळ पुरतं. पंधरा दिवसांचे नऊ आठवडे झाले.

या नऊ आठवड्यांत प्रत्येकानं स्वतःपुरती ‘खबरदारी’ घेतली. धाकट्यानं बाहेरच्या चारांपैकी एका अनुवादिकेला फोन करून विचारलं, की वेळ आलीच तर एखादं मोठं काम ती एकटीनं सांभाळू शकेल का. ताईनं नवा ईमेल पत्ता उघडला आणि जुन्या ओळखीच्या एका अभियंत्याला त्यावरून आपला खाजगी नंबर कळवला. सोडून जायचा विचार दोघांच्याही मनात नव्हता, असं मला आजही वाटतं. पण धाकट्याच्या फोनची बातमी अनुवादिकेकडून ताईला कळली आणि ताईचा ईमेल अभियंत्यानं भाबडेपणानं धाकट्याला पुढे पाठवला. एकाला जी खबरदारी वाटत होती, तोच दुसऱ्याला दग्याचा पुरावा वाटला.

त्याच आठवड्यात ताईच्या ईमेलमधला ‘तू’ गेला आणि ‘आपण’ आला. “आपण पाठवलेली फाइल मिळाली.” धाकट्यानं मला ते वाक्य फोनवर दाखवलं. बाकी भांडण नंतर सांगितलं, आधी हे.

ग्राहकानं एकवीस दिवसांची मुदत दिली, तेव्हा मध्यस्थ म्हणून मला बोलावण्यात आलं.

दोघांचं एकच वाक्य

मी दोघांना वेगवेगळं भेटलो. ताईला विचारलं, की सामाईक जागेचा सर्व्हर बिघडून मेमरीच गेली तर? ती म्हणाली, “गेली तर गेली. प्रत ठेवू. नाहीच ठेवली तर पुन्हा उभी करू, काय करणार!” मग विचारलं, की त्यानं ती उचलून नेली तर? त्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. धाकट्याला उलट बाजूनं विचारलं: ग्राहकाचा धंदाच बुडाला आणि काम गेलं तर? त्याला त्याची फिकीर नव्हती. ग्राहक ताईकडे गेला तर मात्र होती. शेवटी दोघंही वेगळ्या शब्दांत एकच बोलले: नुकसान सोसेन, पण त्या माणसाच्या हातून नको.

नुकसान तेवढंच असलं, तरी ते नशिबानं झालं की माणसानं केलं यावर आपली तयारी बदलते. आयरिस बोनेट आणि रिचर्ड झेकहाउजर यांनी २००४ साली हे प्रयोगातून दाखवलं. लोकांना विचारलं, की चांगला निकाल लागण्याची शक्यता किमान किती असेल तर तुम्ही हा डाव खेळाल? एका प्रकारात निकाल चिठ्ठीसारखा नशिबावर होता, दुसऱ्यात समोरच्या माणसाच्या निवडीवर. मिळणारे पैसे दोन्हीकडे तेच. माणूस ठरवणार म्हटल्यावर लोक अधिक मोठी शक्यता मागायचे. हा जास्तीचा भाग पैशाच्या धोक्यासाठी नाही, फसवलं जाण्याच्या धोक्यासाठी मागितलेला असतो. पुढे २००८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ब्राझील, चीन, ओमान, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान आणि अमेरिका या सहा देशांत हाच प्रयोग केला, आणि हा कल तिथेही दिसला.

व्यवहारात याचा अर्थ असा, की अशा माणसाला नुसती आकडेमोड दाखवून उपयोग नसतो. मी पहिल्या भेटीत तेच केलं होतं: तीन वर्षांचं काम गेलं तर किती तोटा, याचा तक्ता. ताईनं तो नीट घडी घालून बाजूला ठेवला.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचली. सात वर्षांत दोघांनी एकमेकांना फसवल्याचा एकही प्रसंग नव्हता, पण फसवता येईल अशा जागीही कोणी कोणाला उभं केलं नव्हतं. म्हणजे समोरचा विश्वासू आहे की नाही, हे कळायला दोघांनी वावच ठेवला नव्हता. डेटलेफ फेचेनहाउअर आणि डेव्हिड डनिंग यांनी २०१० मध्ये यावर काम केलं आहे. आपण एखाद्यावर विश्वास टाकला आणि तो चुकला तर ते कळतं, पण विश्वास टाकलाच नाही तर तो किती खरा निघाला असता ते कधीच कळत नाही. संशय चुकीचा असला तरी तो दुरुस्त होत नाही, कारण त्याची परीक्षाच होत नाही. त्यांच्या प्रयोगात ज्यांना, आपण विश्वास न टाकलेल्या लोकांचंही वागणं दाखवलं गेलं, त्यांचा लोकांबद्दलचा अंदाज सुधारला. ताई आणि धाकट्याला मात्र असं दाखवणार कोण?

पर्याय

पहिला पर्याय ताईच्या ओळखीच्या वकिलांनी सुचवला: कडक करार. मसुदा चौदा पानांचा आला. कोणी काय नेलं तर किती दंड, किती वर्षं त्या ग्राहकांकडे जायचं नाही, सगळं होतं. धाकट्यानं नववं कलम वाचून एवढंच विचारलं, “हे माझ्यासाठीच लिहिलंय ना?” मी कराराच्या विरोधात नाही. पण बांधून टाकणाऱ्या कराराचा एक तोटा दीपक मल्होत्रा आणि कीथ मर्निघन यांनी २००२ मध्ये दाखवला आहे: समोरचा नीट वागला तरी श्रेय त्याला जात नाही, कराराला जातं, आणि विश्वास जिथल्या तिथे राहतो. अर्न्स्ट फेर आणि बेटिना रॉकेनबाख यांचा २००३ चा प्रयोगही डोक्यात होता. त्यात एकानं दुसऱ्याकडे पैसे सोपवायचे आणि त्यातले किती परत करायचे ते दुसऱ्यानं ठरवायचं. दंडाची धमकी दिली तेव्हा लोकांनी कमी परत केलं. सर्वांत जास्त परत केलं, ते दंड करण्याची मुभा असूनही समोरच्यानं ती आपणहून सोडली तेव्हा.

दुसरा पर्याय वेगळं होण्याचा. हा दोघांनीही बोलून दाखवला, पण स्वतःचा म्हणून नाही. “त्याला हवं असेल तर”, “तिची इच्छा असेल तर”. मी तो टेबलावर राहू दिला. वेगळं होता येतं हे माहीत असलेली माणसं एकत्र राहण्याबद्दल अधिक खरं बोलतात.

तिसरा, झालं गेलं विसरून सगळं उघडं करायचं. धाकट्याच्या घरच्यांचा हा सल्ला होता. मला तो धोक्याचा वाटला. घाबरलेली माणसं एका दिवसात मूठ उघडतात आणि पहिल्या खटक्याला ती दुप्पट घट्ट मिटतात.

चौथा, दोन्ही गोष्टी तिऱ्हाईताकडे ठेवायच्या. हा चांगला होता, पण ग्राहकाला ताईशी थेट बोलायचं होतं. तिऱ्हाईत मध्ये आला की मूळ अटच मोडते.

पाचवा, छोट्या फेऱ्या. एकाच यंत्रमालिकेच्या पुस्तिका घ्यायच्या, तेवढीच मेमरी आणि तेवढेच अभियंते दोघांनी एकाच दिवशी उघडायचे, मग पुढची फेरी. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर घेतलेल्या स्पर्धा बऱ्याच जणांना माहीत असतात. त्यात प्रोग्राम एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळायचे, आणि प्रत्येक वेळी सहकार्य करायचं की दगा द्यायचा ते ठरवायचे. पहिल्या स्पर्धेत १४ आणि दुसऱ्या स्पर्धेत ६२ प्रवेशिका आल्या, आणि दोन्ही वेळा जिंकला तो ॲनाटोल रॅपोपोर्ट यांचा ‘जशास तसे’ हा अगदी छोटा प्रोग्राम: सुरुवात सहकार्यानं, पुढे समोरचा जसा वागेल तसं. पण ही गोष्ट सांगताना लोक तिची कमजोरी गाळतात. समोरच्याची चाल एकदा जरी चुकीची वाचली गेली, तरी ‘जशास तसे’ खेळणारे दोघं एकमेकांना शिक्षा करत बसतात, थांबतच नाहीत. नऊ आठवडे इथे हेच चाललं होतं. म्हणून फेऱ्यांना एक सवलत जोडायची होती: खटकलं तर उत्तर देण्याआधी विचारायचं.

आम्ही पाचवा पर्याय घेतला.

काय केलं

फेऱ्या सुरू करण्याआधी मी दोघांना एक यादी करायला सांगितली. समोरच्यानं काय केलं याची नाही, तर ‘मी काय लपवलं, मी कोणतं कारण खोटं दिलं’ याची. हा निर्णय माझा होता आणि त्यावर मी आजही पूर्ण समाधानी नाही. मागचा विचार असा होता: मॉरिस श्वाइत्झर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं, की वाईट वागण्यानं तुटलेला विश्वास सातत्यानं चांगलं वागून परत येऊ शकतो, पण त्या वागण्याला खोटेपणाची जोड असेल तर माफी, वचन, चांगलं वागणं असं सगळं करूनही तो पूर्ण भरत नाही. तेव्हा खोटेपणाचा हिशेब आधी मिटवावा, असं मला वाटलं.

याद्या एका बंद खोलीत, एकाच वेळी दिल्या-घेतल्या गेल्या. ताईच्या यादीत सहा ओळी होत्या. ईमेल पत्ता, अभियंत्याला कळवलेला नंबर, आणि ‘मेमरी साफ करायला तीन दिवस पुरले असते’ हेही. धाकट्याच्या यादीत पाच. अनुवादिकेला केलेला फोन होता. ‘अभियंत्यांना वेळ होता’ हे होतं. ते वाचून ताई हसली, अगदी थोडीशी. मला वाटलं, जमलं.

पहिली फेरी ठरल्या दिवशी झाली. मेमरीचा एक भाग सामाईक जागेत गेला आणि दुपारी ताईचं अभियंत्यांशी पहिलं थेट बोलणं झालं. धाकटा त्या बैठकीत होता आणि पूर्ण वेळ गप्प बसला. माणसाच्या गप्प बसण्यातली मेहनत मी क्वचित इतकी स्पष्ट पाहिली आहे.

मुदत संपायला आठ दिवस उरले असताना त्याचा मला फोन आला. चार महिन्यांपूर्वी, ग्राहकाची मागणी यायच्याही आधी, ताईच्या संगणकावर काही दुरुस्ती करताना त्यानं मेमरीची एक फाइल स्वतःकडे उतरवून घेतली होती. वापरली नव्हती. यादीतही लिहिली नव्हती. “सांगू का?” त्यानं विचारलं.

इथे माझ्यापुढे तीन वाटा होत्या. गुपित म्हणून ठेवायचं, मी सांगायचं, किंवा त्याला सांगायला लावायचं. पहिली वाट घेतली असती तर त्याच्या लपवालपवीत मीही सामील झालो असतो. दुसरी घेतली असती तर मला विश्वासानं सांगितलेल्या गोष्टीला मी धक्का लावला असता. मी म्हणालो, उद्या संध्याकाळपर्यंत तू सांग, नाहीतर मी या कामातून बाजूला होतो, आणि का ते कोणालाच सांगणार नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितलं.

ताई चार दिवस कोणाशीच बोलली नाही. पाचव्या दिवशी आली आणि धाकट्याला म्हणाली, “कॉपी केलीत याचं काही नाही. मीही केली असती. यादीत नव्हती.” बाकी काही बोलली नाही. दुसऱ्या फेरीची फाइल मात्र तिनं त्याच दुपारी सामाईक जागेत टाकली.

परिणाम

तीन वर्षांचं काम मिळालं नाही. ग्राहकानं एका यंत्रमालिकेपुरतं, एका वर्षाचं काम दिलं, ते नंतर एकदा वाढलं.

चौदा पानांचा मसुदा बाजूला पडला आणि दोन पानांचा करार झाला. त्यात दंडाचं एकही कलम नाही. वेगळं होण्याची रीत तेवढी आहे: वेगळं व्हायचं ठरलं त्या दिवशीपर्यंतच्या मेमरीची प्रत दोघांना मिळेल, प्रत्येक ग्राहकाला दोघांच्या सहीचं एकच पत्र जाईल आणि कोणाकडे जायचं ते ग्राहक ठरवेल. या कलमानं दग्याला शिक्षा होत नाही. पण चोरून नेण्यासारखं काही उरतच नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त काम याच चार ओळींनी केलं. करार झाल्यावर ताई पहिल्यांदा मोकळेपणानं म्हणाली, की तिला फसवलं जाण्याइतकंच ते सर्वांत शेवटी कळण्याचंही भय होतं.

ज्या अनुवादिकेला धाकट्यानं फोन केला होता, तिनं दोन महिन्यांनी काम सोडलं. दोघांपैकी कोणीही तिला काही बोललं नव्हतं. अडचण तीच होती.

आज पुन्हा करायचं झालं तर

वेगळं होण्याचं कलम सात वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं, हे उघड आहे. लग्नाच्या दिवशी घटस्फोटाची भाषा कशाला, असं ताईला तेव्हा वाटलं होतं. मला ते समजतं, पण पटत नाही.

यादीबद्दल माझं मत बदललं आहे. ‘सगळं लिहा’ म्हटलं की माणूस कबुलीजबाब देतो, आणि कबुलीजबाबात सर्वांत लाजिरवाणी गोष्ट मागे राहते. आता मी याद्या दोनदा करायला सांगेन: पहिली एकमेकांना द्यायची, आणि आठवड्यानं दुसरी, तिच्यावर शीर्षक ‘पहिल्या वेळी राहून गेलेलं’. राहून जाणार हे आधीच धरलं असतं, तर धाकट्याची फाइल दुसऱ्या यादीत आली असती आणि ते चार दिवस वाचले असते. कदाचित तीन वर्षांचं कामही.

अनुवादिकेला मी एकदाही भेटलो नाही. ती या भांडणातली बाजू नव्हती म्हणून मला तिचं महत्त्व कळलं नाही. तिला मात्र दोन्हीकडून संशयानं पाहिलं जात होतं.

आणखी एक चूक मला बरीच उशिरा दिसली. ताई आधी पोळलेली आहे, ही गोष्ट पहिल्याच दिवसापासून खोलीत होती, आणि आम्ही सगळे तिला स्पष्टीकरण म्हणून वापरत होतो. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात, ठीक. पण त्यामुळे धाकटा आपोआप ताकाच्या जागी गेला, ज्याला फुंकायचं तो. त्याच्या भीतीला अशी गोष्ट नव्हती, म्हणून ती कोणाला दिसली नाही. तिसऱ्या भेटीपर्यंत मीही विचारलं नव्हतं. पहिल्याच भेटीत विचारलं असतं तर फाइलचा विषय तेव्हाच निघाला असता असं म्हणवत नाही, पण ती त्यानं का उतरवून घेतली हे मला आधीच समजलं असतं.

गेल्या महिन्यात ताईशी बोलणं झालं. काम ठीक चाललं आहे. फोनवर ती त्याला पुन्हा ‘अरे’ म्हणते. ईमेलमध्ये अजून ‘आपण’च आहे.